हिरवा म्हणजे चालू

...आणि पप्पा, हे सॉफ्टवेअर इतकं सोपं आहे की तुम्हालाही जमलं असतं, हेच मी कित्येक दिवस मनातल्या मनात तुम्हाला सांगतेय. व्हिडिओ ओढायचा, खालच्या पट्टीवर सोडायचा, नको तिथे कात्री मारायची. चुकलं तर उलटा बाण दाबला की सगळं पहिल्यासारखं. मी कुठलाही क्लास लावला नाही, एका रविवारी बसून शिकले आणि आता ऑफिसमध्ये सगळ्यांना पकडून पकडून शिकवते. दादाचं लग्न ठरलंय, चऱ्होलीच्या कार्यालयात. हळदीनंतर मोठ्या स्क्रीनवर आपल्या लहानपणीची फिल्म दाखवायची आहे आणि ते काम माझ्याकडे आलंय. दादा म्हणाला, "पाच मिनिटांची कर, वर मस्त गाणं टाक, रडारड नको." मम्मीने कपाटातल्या साड्यांखालून तुमच्या टेप काढून दिल्या. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते, तेव्हापासून तिने त्या एकदाही लावल्या नव्हत्या. "लागतील त्या घे," म्हणाली, "पण मला आधी दाखवू नको. सगळ्यांबरोबर तिथंच बघीन." चिंचवडला स्टेशनजवळच्या एका दुकानात टेप दिल्या, त्यांनी सगळं पेनड्राइव्हवर करून दिलं.

तो हँडीकॅम तुम्हाला कंपनीच्या गणपतीच्या लकी ड्रॉमध्ये लागला होता, आठवतं? दिघीच्या आपल्या दोन खोल्यांत तो आला तेव्हा तुम्ही आधी हात धुतले आणि मगच खोका उघडला. मी बटणाला हात लावला तर असे ओरडलात, "मशीन आहे ती, खेळणं न्हाई!" आणि मग स्वतःच घोळ घातलात. दादाच्या वाढदिवसाची टेप टीव्हीवर लावली तर केक कापणं कुठेच नाही. नुसती फरशी दिसतेय, पलंगाचा पाय, आणि लोंबकळणाऱ्या कॅमेऱ्यातून तुमची चप्पल. दादा हसून हसून लोळला. मग कळलं की थांबलेला असताना कॅमेऱ्यात हिरवी अक्षरं दिसायची आणि रेकॉर्डिंग चालू झालं की लाल. तुमचं आयुष्य सीएनसी मशीनसमोर गेलेलं. तुम्ही हिरवं दिसलं की शूट करायचात आणि लाल दिसलं की निवांत कॅमेरा खाली सोडायचात. "मशीनवर हिरवा दिवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद," तुम्ही आमच्यावरच चिडलात, "हे कॅमेरेवालेच उलटे!" नंतर तुम्ही सुधारलात. पुढच्या टेपमध्ये केक आहे, गॅदरिंग आहे, सगळं नीट आहे. फक्त तुम्ही कुठेच नाही. श्वास रोखून शूट करायचात बहुतेक, आवाजसुद्धा येत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे, खराब क्लिप ते स्वतःच शोधून बाजूला काढतं. त्याने पहिली फरशीवालीच टेप काढली. त्यात खंडेनवमीचा, मशीनच्या पूजेचा दिवस पण आहे, आपण सगळे तुमची भोसरीची कंपनी बघायला आलो होतो तो. त्या एका दिवशी गेटवर कोणी अडवायचं नाही. पूजेचं काहीच आलेलं नाही. दिसते ती जमीन, तिच्यावरचा पिवळा पट्टा, तुमचे सेफ्टी शूज, मम्मीच्या सँडल, आणि वरून लाउडस्पीकर नुसता कोकलतोय. डिलीट करायच्या आधी गंमत म्हणून मी आवाज स्वच्छ करायचं बटण दाबलं. चक्र गोल फिरलं, फिरलं, लाउडस्पीकर मागे गेला आणि एकदम तुम्ही बोललात. मी हेडफोन काढून मागे वळून बघितलं, पप्पा.

मम्मी म्हणतेय, "मशीनला एवढा मोठा हार. मला साधा गजरा तरी आणलात का कधी?"

तुम्ही म्हणताय, "तू कुठं बंद पडतीस? ही पडती, म्हणून हिची मर्जी राखावी लागती."

"मग मी पण पडते एक दिवस."

"थांब जरा." आणि तुमचे शूज पिवळा पट्टा ओलांडून मशीनच्या हारापर्यंत जातात, परत तिच्या सँडलपाशी येतात.

"अहो, लोक बघायलेत!"

"बघू दे की. हलू नको, पडंल."

झेंडूच्या दोन पाकळ्या तिच्या पायावर पडतात आणि ती हसते. हे हसणं मी घरात कधी ऐकलेलं नाही. ती तुम्हाला 'अहो' म्हणायची हे आठवत होतं, पण अशी म्हणायची हे माहीत नव्हतं. तुम्ही सेकंड शिफ्टवरून यायचात, जेवायचात, झोपायचात. मला वाटायचं, तुम्ही दोघं फक्त गॅस संपला का, फी भरली का, एवढंच बोलता.

दादाला ऐकवलं. तो म्हणाला, "हे नको टाकू, यार. तिकडची सगळी मंडळी येणार, मम्मी सगळ्यांसमोर कोसळेल." बरोबर आहे त्याचं. पण याच्याशिवाय फिल्म केली तर त्यात तुम्ही नसणार, आणि मम्मी तिथे तुम्हालाच शोधणार. तिला घरी आधी ऐकवावं म्हटलं, तर तिने स्वतः नको सांगितलंय.

चाकणला जाताना कंपनीच्या बसमध्ये हे फोनवर टाइप करतेय. उतरायच्या आधी बंद करीन, कुणाला न पाठवता असंच राहील. आणि एक सांगू? मला जी अडचण वाटतेय ती सगळी मम्मीची नाही. ही क्लिप मी रोज बसमध्ये ऐकते. तिला दिली की ती तिची होईल, कारण आहेच तिची, आणि मग माझ्याकडे तुमचं असं काही राहणार नाही. तरी द्यायला हवीच, हे कळतं. फक्त कशी, ते कळत नाही. आज संध्याकाळी तिच्या शेजारी बसून हेडफोनचं एक टोक तिच्या कानात घालू का, पप्पा? तुम्हाला काय वाटतं, ती नको म्हणेल?