चार चाकांचा बैल आणि त्याचं डावं शिंग

कोहका, भिलाई
नागपंचमीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप भय्याजींच्या चरणी धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे बाबुलालचा, दंडवत. (दंडवत कागदावरच घालतो आहे. खरा घातला तर उठवायला दोन माणसं लागतात, आणि तुमची भावजय गया म्हणते, त्या दोघांत मले धरू नका.) इकडे सगळे खुशाल. तुमचा खोकला, दुर्गा वहिनींची शुगर, परसातलं सीताफळ आणि म्हशीचा स्वभाव, या चौघांची तब्येत कशी आहे ते कळवावं. फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तुम्ही "हो, बरं हाय, ठेवतो" म्हणता आणि खरंच ठेवता. पत्राचं तसं नाही. पत्र एकदा उघडलं की माणूस शेवटपर्यंत सापडतो.

गेल्या फोनमध्ये तुम्ही म्हणालात की यंदा पोळ्याला मी घराबाहेर पडणार नाही. सोन्या उन्हाळ्यात गेला, एकट्या चांद्याला जोडी मिळेना, म्हणून तो बैल लेकीच्या, आपल्या गुंजनच्या, सासरी देऊन टाकला. आता रिकाम्या हातानं तोरणाखाली कोणत्या तोंडानं उभं राहू, आपली जागा दुसऱ्याला द्या असं पाटलाले सांगून टाकतो, असंही म्हणालात. भय्याजी, कडुलिंबाच्या बुडाशी असलेली ती जागा आपल्या आज्यानं धरलेली आहे. तिथे उभं राहून तुम्ही पोळ्याची झडती, ती जुळवलेली कडवी, म्हणता तेव्हा समोरची पार्टी पाणी मागते. तुम्ही घरात बसलात तर गावात बैल जमतील, पण पोळा भरणार नाही. तो फोन झाल्यापासून मला भाकर गोड लागेना (दोन खायचो तिथे दोनच खातो, पण गोड लागत नाही). त्यापायी मी इथे जे काही करून बसलो त्याची हकीकत खाली देतो. राग आला तर पुढचं वहिनींना वाचायला द्या.

तर झालं असं की आमच्या पोरानं, पीयूषनं, (तो प्लांटात अजून नोकरीला आहे म्हणून घरात त्याचा आवाज आहे, माझा रिटायर झाला) एक गाडी आणली. गाडी म्हणजे चार जाड चाकं, वर स्कूटरसारखं हँडल, छप्पर नाही, दार नाही. पोरं तिला एटीव्ही म्हणतात. चिखल, दगड, बांध, नाला, कुठेही चालते, फक्त रस्त्यावर चालवायची परवानगी नाही. (आपल्या गावाला जाणारा रस्ता पाहता तिथे ती कायदेशीर ठरावी.) दुर्गच्या पलीकडे एका बागेत पोरासोरांना चक्कर मारून आणायला ठेवली होती. बाग बंद झाली, गाडी विकायला निघाली. पीयूषचा विचार साधा होता, की बैल राहिले नाहीत तर मोठ्या काकांना बांधाबांधानं खताची पोती न्यायला होईल. विचार सोन्यासारखा, पण गाडी काळीकुट्ट आणि टाकीवर दात विचकणारी कवटी काढलेली. गयानं ओवाळायला आणलेलं ताट तसंच आत नेलं. म्हणाली, "म्हाताऱ्याच्या दारात हे मुंडकं कावून आणलं? यमाले आपला पत्ता सापडत नव्हता का?"

म्हणून आधी नुसती कवटी पुसायची ठरली. पण भय्याजी, तुम्हाला माहीत आहे, घराला चुना लावायला काढला की कौलं बदलायची आठवण होते. हुडको कॉलनीतून हिरा पेंटरला बोलावलं. ट्रकच्या पाठीवर मोर काढावा तर हिरानंच. त्यानं कवटी घासून काढली आणि विचारलं, कोणता रंग? मी म्हटलं, पिवळा. आयुष्यभर ज्या क्रेनवर बसलो ती पिवळी होती, डोळ्याला सवय आहे. एवढ्यात शेजारचे उमाकांतराव कुंपणावरून डोकावले. हे रायपूरच्या जुन्या मराठी घराण्यातले, सेफ्टी खात्यातून निवृत्त झालेले. माणूस देवासारखा, पण मराठी इस्त्रीची. म्हणाले, "बाबुलालजी, पिवळा म्हणजे गॅसची लाईन. या वस्तूकडे पाहून मला गुदमरायला होतं." मी म्हटलं, मग हिरवा. "हिरवा म्हणजे पाणी." निळा? "निळा म्हणजे हवा." प्लांटात प्रत्येक नळाला त्याचा रंग असतो, आणि या माणसानं इतकी वर्षं ते नळ पाहिलेत की आता त्याला पोपट दिसला तरी आत पाणी असेल असं वाटतं. शेवटी हिराच वैतागला. ब्रश डब्यात टाकून म्हणाला, "बबा, पोरा तिहार आवत हे. नंदिया बइला बना दँव?" (इकडे छत्तीसगढी लोकही आपल्यासारखाच पोळा करतात, मातीचे नंदीबैल पुजतात.) भय्याजी, माझ्या डोक्यात लखकन दिवा लागला. भय्याजींकडे बैल नाही म्हणून ते घराबाहेर पडत नाहीत ना? मग आपणच बैल करून पाठवू. उमाकांतरावांनाही पांढऱ्यात काही सापडलं नाही. म्हणाले, "पांढरा निरुपद्रवी आहे."

मग काय विचारता! गाडी आपल्या गवळाऊ बैलासारखी पांढरीफेक झाली. जुन्या पाइपाची दोन शिंगं वाकवून हँडलपुढे जोडली, त्यांना हिंगूळ लावला, वर बेगड गुंडाळली. दिव्यांच्या मध्ये बैलाच्या कपाळावर बांधतात ती मठाटी बांधली, गळ्याला घागरमाळ, मागे काथ्याच्या दोराची शेपटी. झूल गयानं आपल्या जुन्या लुगड्याची शिवली. मग म्हणाली, मी काय पायी येऊ का पोळ्यात? तिच्या गुडघ्यांनी पोळा पाहून किती वर्षं झाली ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून मागच्या लोखंडी जाळीवर प्लास्टिकची हाताची खुर्ची बोल्टांनी आवळली. खुर्ची आली तशी ऊन लागेल म्हणून छत्री आली. छत्री आली तसे उमाकांतराव आले. त्यांचं म्हणणं, वाहनावर माणूस बसणार असेल तर सुरक्षेची साधनं हवीतच. त्यांनी स्वतः एक फिरता लाल दिवा, आग विझवायचा लहान सिलिंडर आणि मागे जाताना पीं-पीं वाजणारा भोंगा आणून दिला. शेपटीखाली 'सुरक्षित अंतर ठेवा' अशी पाटी लावली. मी म्हटलं, उमाकांतराव, बैलाच्या मागे हे लिहावं लागत नाही, लोक आपणच ठेवतात. ते हसले नाहीत. सेफ्टीवाले हसत नाहीत.

एवढं सजवल्यावर फिरवून पाहणं आलं. कोहक्याच्या मागच्या मैदानात गाडी नेली. मी हँडलवर, गया छत्री उघडून खुर्चीत, उमाकांतराव समोर उभे राहून हातानं इशारे देऊन राहिले. पहिली चक्कर अशी झाली की गया म्हणाली, लग्नाच्या वरातीतही इतकं बरं बसाले मिळालं नव्हतं. दुसऱ्या चकरेला मैदानाच्या कोपऱ्यातून मोहल्ल्याचा सांड उठला. (हा सांड भाजीबाजाराचा आहे. कोथिंबीर खाऊन पोसला आहे, त्यामुळे रागीट नाही असा माझा समज होता.) त्याला दुरून पांढरं अंग दिसलं, शिंगं दिसली, घागरमाळ ऐकू आली, आणि आपल्या इलाक्यात हा कोण उपटसुंभ, म्हणून तो खाली मान घालून आला. उमाकांतरावांनी एक बोट वर करून गरागरा फिरवलं. त्यांना म्हणायचं होतं, गाडी फिरवा. पण भय्याजी, माझा जन्म क्रेनवर गेला. क्रेनच्या भाषेत त्या इशाऱ्याचा अर्थ 'वर उचल'. मी खाली वाकून उचलायचा दांडा शोधत राहिलो! गया मागून ओरडली, "अवं, काय शोधून राहिले? पळवा नं!" मी घाईत मागचा गिअर टाकला, तसा भोंगा पीं-पीं करून उठला. सांडानं आयुष्यात मागे जाताना ओरडणारा बैल पाहिला नव्हता. त्याला वाटलं, हा आपल्याला शिव्या देऊन राहिला. त्यानं डाव्या शिंगाला एकच धडक दिली, गाडी दणकन हलली, आणि गयानं उघडी छत्री त्याच्या तोंडासमोर मिटली-उघडली, मिटली-उघडली. त्या फडफडीला मात्र तो भ्याला आणि बाजाराकडे निघून गेला. म्हणजे तीन साधनं सेफ्टीवाल्याची आणि जीव वाचवला छत्रीनं. हे मी उमाकांतरावांना बोललो नाही, पण गया रोज बोलते.

घरी आल्यावर हिरा शिंग सरळ करायला हातोडा घेऊन आला. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि त्याचा हात धरला. भय्याजी, उजवं शिंग ताठ, आणि डावं कानावरून खाली लोंबलेलं. अगदी जन्मापासून आपल्या सोन्याचं होतं तसं. गावातली पोरं त्याला म्हणायची, सोन्या डावीकडे वळून राहिला, इशारा दिला पाहा. गया आतून गुळाचा खडा घेऊन आली, दिव्यापुढे धरला, मग तिचं तिलाच हसू आलं आणि अर्धा खडा तिनं मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला. मी हिराला सांगितलं, शिंग राहू दे, आता खांद्यावर थोडी राखाडी झाक मार, जू बसून काळवंडलेल्या खांद्यासारखी. त्यानं फिरवून फिरवून अशी मारली की मी खांद्याला हात लावून पाहिला, उबदार लागतो की काय. (लागला. ऊन होतं.)

तर असा हा बैल पोळ्याच्या आदल्या दिवशी टेम्पोत चढून तुमच्या दारी येतो आहे. दाणा नको, पाणी नको, शेण काढायचं नाही. एक झडतीही जुळवली आहे. तुमच्यापुढे म्हणजे काजव्यानं सूर्याला दिवा दाखवण्यासारखं आहे, तरी लिहितो:

चार पाय गोल, शिंगाले बेगड,
पेट्रोल पेते घटघटा, पाहते टेकड,
ज्याच्या गोठी खुंटा रिता, त्यानं याले हाकलं,
भिलाईचं लोखंड आज तोरणाखाली वाकलं!

दुसरी ओळ लंगडी आहे, मला कळतं. ती तुम्ही दुरुस्त करावी. घरात बसून नाही, कडुलिंबाखाली उभं राहून, मोठ्यानं.

वहिनींना नमस्कार. म्हशीला माझ्यातर्फे दुरूनच.

आपला आज्ञाधारक धाकटा,
बाबुलाल

ता. क. एक बारीकशी अडचण लिहायची राहिली. लाल दिवा, भोंगा आणि बाकीची रोषणाई चालवून चालवून गाडीची बॅटरी बसली आहे. गाडी सुरू होत नाही. आता तुमच्या दारापासून तोरणापर्यंत तिला कोणी तरी ओढून न्यावं लागेल, आणि माझ्या पाहण्यात हे काम करू शकेल असा एकच आहे, चांद्या. तेव्हा तुम्ही गुंजनच्या सासरी जाऊन त्याला पोळ्यापुरता मागून आणावं. तो दिल्यापासून तुम्ही पोरीच्या घरी पाऊल टाकलेलं नाही, हे गुंजननं मला सांगितलं. व्याह्याच्या दारात मागायला जाणं जड वाटतं, हे मी समजू शकतो. पण चांद्याच्या डोळ्याला डोळा द्यायचं जड वाटतं, हेही मी समजतो, आणि त्याला इलाज जाण्याचाच आहे. शिवाय तोरणाखाली जोडी लागते. सोन्या नेहमी डावीकडे असायचा, म्हणून गयाची खुर्ची मुद्दाम तिकडून चढायला ठेवली आहे. उजवी बाजू चांद्यासाठी मोकळी आहे. (एवढी शिंगं, रंग, दिवे लावून शेवटी बैलगाडीच झाली म्हणा ना.)

ता. क. दुसरा. हे मी गया लिहून राहिली. भासऱ्यायले, म्हणजे तुमाले, पदर घेऊन नमस्कार. पाकीट चिकटवाले माझ्याजवळ दिलं म्हणून वाचलं. बॅटरी बसली हे खोटं हाय. पीयूषनं परवाच नवी टाकली, गाडी मस्त चालते, आज सकाळीच यायनं मले मैदानात फिरवून आणलं. तुमी चांद्याले आणाले जावं म्हणून यायनं हे रचलं. तरी तुमी जाच. गुंजनले मी फोन केला व्हता. ते म्हणते, बाबा आले तर चांद्या आवाजावरूनच वळखन, रोज सांजच्याले फाटकाकडे पाहत उभा राहते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाले म्हणतो ते या वर्षी मी आधी तुमाले म्हणून ठेवते, मंग तुमी जाऊन चांद्याले म्हणा: आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.