फिलिपच्या बाजूची भिंत

१४ जुलै १९७४, रवि.
तिसरं गिऱ्हाईकही गेलं. गोडदेवात घर बघायला येणारे आमचं घर बघतच नाहीत, शेजारचं फिलिपचं बघतात. कौलं आत पडलेली, दारात पुरुषभर रान. आजचे शेठ म्हणाले, "घर तो अच्छा है, लेकिन बाजूवाला?" स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावला, बोटं ओली झाली. चहाही न घेता गेले. सुमनने त्यांच्यासाठी केलेले पोहे मीच खाल्ले.

१५ जुलै
पहाटे सुमनला पुन्हा दम लागला. डॉ.चं तेच, ही ओल सोडा, कराडला भावाकडे कोरड्या हवेत न्या. नाही कोण म्हणतंय? पण भावाकडे किती दिवस राहणार? हे घर विकल्याशिवाय मग काय झाडाखाली राहू? फिलिपचा राग येतो. बायको रोझी वारली, कुलूप लावलं, उत्तनला बहिणीकडे गेला तो गेलाच. चार पावसाळे झाले.

२२ जुलै
अर्धी रजा. ठाण्याला वकिलांकडे. रस्ते बरेच म्हणाले. आधी फिलिपला नोटीस, मग पंचायतीत धोकादायक घराचा अर्ज, नाहीतर उपद्रवाबद्दल मॅजिस्ट्रेटकडे. दिवाणी दावाही आहे, "पण तो तुमची मुलं चालवतील." आम्हाला मूलबाळ नाही हे त्यांना काय सांगायचं.
फिलिपला नोटीस पाठवणं जिवावर आलं. परस्पर पंचायतीत अर्ज टाकला. सुमनला बोललो नाही.

६ ऑगस्ट
पंचायतीचा माणूस आला. फिलिपच्या घराला फेरी मारली, म्हणाला पाडायलाच हवं, हुकूम काढतो. मग आमच्या स्वयंपाकघरात येऊन वर बघितलं. "काका, तुमचे वासे कशावर टेकलेत?"
फिलिपच्याच भिंतीवर. डोक्यातून गेलंच होतं. घरं बांधताना विटा वाचवायला दोघांनी मधे एकच भिंत घातली, तिकडून त्याचे वासे, इकडून माझे. तेव्हा केवढी अक्कल वाटली होती ती. आता त्याचं घर पाडलं की माझं स्वयंपाकघर बसलं.
सुमन दारात उभी. "अर्ज केलात? रोझीच्या घरावर?" फिलिपची रोझी अंथरुणाला खिळली तेव्हा हिनेच पेज भरवली होती तिला.

९ ऑगस्ट
पुन्हा वकील. भिंत सामाईक, एकट्याने हात लावायचा नाही. फिलिपची लेखी संमती आणा, पंचायतीला दाखवा, पाडणं थांबवून डागडुजी करता येईल. म्हणजे आधी त्यालाच भेटायला हवं होतं. गाढव मी.

११ ऑगस्ट, रवि.
उत्तन. फिलिप पार वाकलाय. जाळं दुरुस्त करत बसला होता. अर्जाचं सांगून टाकलं. वाटलं, शिव्या घालेल.
"बरा केला. माझ्यानं न्हाय झाला." मग, "सुमनचा दमा कसा हाय?"
कागद पुढे केला. संमतीवर सही केली, आतून चावी आणून दिली. "कौलं घाल, रान काप. चुलीला तेवढा हात नको लावू. रोझी दिसभर तिथंच असायची." मी हो म्हणून बसलो.

१७ ऑगस्ट
पंचायतीने पाडणं तूर्त थांबवलंय. गवंडी आणला. फिलिपची चूल त्या मधल्याच भिंतीला टेकून आहे. गवंडी म्हणाला, चुलीखालचा मातीचा ओटा पाणी पिऊन बसलाय. नवी कौलं घातली तरी तो खणून काढल्याशिवाय भिंत सुकायची नाही. शेठचा निरोप आलाय, भिंत सुकली तर घर घेतो.
सुमनला सगळं सांगितलं. तिला श्वास घेता येत नाही आणि मी फिलिपला शब्द देऊन आलोय. कुणाला फसवू?

१८ ऑगस्ट, रवि.
सकाळी सुमन चावी घेऊन एकटीच गेली तिकडे. बऱ्याच वेळाने बघायला गेलो. चुलीतली ओली राख काढून, शेणाने सारवून ठेवली होती. दम लागला होता, चुलीपाशीच बसली होती. पाठीवर हात फिरवत राहिलो.
जरा बरं वाटल्यावर म्हणाली, "गवंड्याला उद्या नको म्हणा."
म्हटलं, परवा बोलावू?
"चूल राहू दे तिची." चावी कमरेला खोचली आणि माझा हात धरून उठली.