एकाच दात्याच्या ओळी

सोमवार, ३ मार्च
सातवा रुग्ण! यकृताचा तोच विषाणू. सातही जणांना वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आमच्याच रक्तपेढीचं रक्त चढवलेलं. तेव्हा याची तपासणीच नव्हती. सगळ्यांना एकाच दात्याचं गेलंय का? आणखी कुणाला गेलं?

कुणाचं रक्त कुणाला गेलं, या जुन्या नोंदींची फाइल साठ जीबीची. माझ्या संगणकाची मेमरी चार. नोंदी बाहेर न्यायची परवानगी नाही. नवं यंत्र मागितलं तर महिना जाणार. पेढीचे जुने डॉक्टर म्हणाले, "पोरी, रुग्णांना महिनाभर थांबा म्हणून सांगू का?"

मंगळवार
सगळी फाइल एका दमात दात्याच्या क्रमांकानं लावायला घेतली. यंत्र ठप्प!

बुधवार
एकेक जीबीचे साठ तुकडे केले. एक तुकडा मेमरीत घ्यायचा, क्रमानं लावायचा, डिस्कवर ठेवायचा – मग पुढचा. शेवटी साठही तुकड्यांची फक्त वरची ओळ बघायची, सगळ्यांत लहान क्रमांक उचलून नव्या फाइलीत टाकायचा. पुन्हा बघायचं, पुन्हा उचलायचं.

आईला सांगितलं. म्हणाली, "कळलं. आता जेव. वाळून चाललीयस."

गुरुवार
जोडणी अर्ध्यावर आली आणि डिस्क भरली! दुसरी मागून आणली. जोडणी पुन्हा पहिल्यापासून.

शुक्रवार
यादी तयार. पण सातही जणांना समान दाता – कुणीच नाही.

दुपारपर्यंत डोकं धरून बसले. मग दिसलं. जुन्या कारकुनानं नुसतं ८७ लिहिलंय, नंतरच्यानं ००००८७. माणूस एकच, पण यंत्र आकडे अक्षरांसारखे लावतं, त्यानं त्याच्या ओळी दोन टोकांना नेऊन टाकल्या. आता सगळे क्रमांक सहा आकडी करायचे. सगळं परत लावायचं.

डॉक्टरांना सांगताना रडू आलं. रागावले नाहीत. "चूक सापडली ना? मग लाग कामाला." चहाही स्वतःच आणून दिला.

रविवार
सापडला! एकाच दात्याच्या अडतीस ओळी, एकाखाली एक. सात आपले रुग्ण. उरलेल्या एकतीस जणांना अजून काहीच ठाऊक नाही.

फाइलीत दात्याचं नाव नसतं. नावांची वही डॉक्टरांच्या कपाटात. फोन केला. "उद्या सकाळीच ये," म्हणाले.

सोमवार, १० मार्च
वहीवरून फिरणारं डॉक्टरांचं बोट एका ओळीवर थांबलं. म्हणाले, "हे माझंच नाव. रक्त कमी पडलं की द्यायला मीच आडवा व्हायचो गं."

एकतिसांतला पहिला फोन त्यांनी स्वतः लावला. आधी आपलं नाव सांगितलं.