बाबांच्या वहीतली बदकं

१९ फेब्रुवारी
सकाळी तळ्यावर गेले. थंडीत येणारी थापट्या बदकं अकराच! काठाला दोन धोबी पक्षी, शेपट्या नाचवत. मागच्या वर्षी याच तारखेला बाबांच्या वहीत एकशे चाळीस. चोवीस वर्षं तेच मोजायचे. नोव्हेंबरात डॉक्टर म्हणाले, नजर आता परत येणार नाही — तेव्हापासून दुर्बीण माझ्या गळ्यात.

घरात पाऊल टाकलं तोच बाबा, "किती?"

तोंडातून निघून गेलं — "सव्वाशे."

हसले! किती महिन्यांनी! जेवलेही पोटभर. वहीत सव्वाशेच लिहिले.

२२ फेब्रुवारी
नऊ. लिहिले एकशे दहा. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजते. तिथे अशी थाप मारली असती तर?

२७ फेब्रुवारी
बुड्या मारणाऱ्या टिबुकल्या आहेत. त्या इथल्याच, जाणार कुठे? थापट्या एकही नाही. पाणी नुसतं पसरलेलं.

लिहिले ऐंशी.

३ मार्च
वनखात्याच्या बाई घरी आल्या. तळं बुजवून तिथे बसडेपो करायचा घाट आहे. सोमवारी सुनावणी.

"काका, बदकं अजून येतात याला तुमच्या वहीशिवाय पुरावाच नाही. एवढ्या आकड्यांपुढे कोण काय बोलणार!"

बाबांनी चाचपडत वही काढून दिली. चेहरा असा फुललेला! मी आत कप विसळत राहिले. नळ उगाच मोठा सोडला.

५ मार्च
खरं सांगितलं तर तळं जाईल. नाही सांगितलं आणि तिथे कुणी खोदून विचारलं, तर बाबांच्या चोवीस वर्षांवर पाणी. आज लॅबमध्ये एकच नमुना तीनदा मोजला.

६ मार्च
धीर झाला नाही.

७ मार्च
सांगितलं एकदाचं. "बाबा, सव्वाशे नव्हती हो. अकरा होती. नंतर तर एकही नव्हतं. मी रचलं सगळं."

वहीच्या रिकाम्या जागेवरून हात फिरवत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "बाईंना फोन लाव. मला बोलू दे."

८ मार्च
सुनावणीत वही मांडलीच नाही. तळं गेलं.

काल पुढचं लिहवलं नाही. बाबा फोनवर म्हणाले, "मुलीची पानं काढा. आणि त्याआधीची माझी पाच वर्षंही काढा. अंदाजाने लिहायचो. दिसत नव्हतंच मला."