मिठाचा आवाज

आई,

हल्ली मी ज्या कादंबऱ्या वाचते त्या पाहून तू कपाळाला हात लावला असतास. सगळ्यांची गोष्ट एकच. गल्लीच्या टोकाला एक छोटंसं खाण्याचं दुकान, आयुष्यावर रुसलेली एक बाई आत शिरते आणि मालकीण काही न विचारता तिच्यापुढे वाफाळता वाडगा ठेवते. पहिल्या घासाला तिला विसरलेलं सगळं आठवतं, शेवटच्या घासापर्यंत आपण कोण तेही कळतं. खिडकीत मांजर असतंच. माझी मुलगी म्हणते, "मम्मा, फिर से वही? शेवट तर तुला माहीत असतो, यार." असतो. तरी मेट्रोत वाचताना मयूर विहार स्टेशन कधी येतं ते मला कळत नाही. मला त्यातलं मांजर नको असतं, शहाणपणही नको असतं. मला ती एकच जागा हवी असते, जिथे जेवणारं माणूस घास गिळतं आणि त्याच्या तोंडून खरं तेच बाहेर पडतं. त्या अन्नापुढे कुणाला खोटं बोलताच येत नाही.

आपलं स्वयंपाकघर एवढंसं, दोघी उभ्या राहिलो की फ्रीज उघडत नसे. गौरीजेवणाच्या आदल्या दिवशी तू अळूची पानं शोधत फिरायचीस आणि भाजीवाला अळकुड्या पुढे करत दरवर्षी म्हणायचा, "अरबी ले लो बहनजी, पत्ते कौन खाता है?" एका वर्षी तू मोठ्या तापातून उठली होतीस. पंगतीला बाबांच्या ऑफिसातली मंडळी आणि सोसायटीतली चार मराठी घरं. कटाची आमटी पानात पडली आणि सगळे पाणी मागू लागले. मला नुकती मानेसरच्या नव्या कारखान्यात नोकरी लागलेली, त्याचा तोरा होताच. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आई, मिठाचा डबाच उपडा केलास का?" लोक हसले, तूही हसलीस. संध्याकाळी भांडी पुसताना हळूच म्हणालीस, "तापापासून मला वास येत नाही गं. चवही नाही. बाबांना सांगू नकोस." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग मला चाखायला देत जा ना," असं म्हणाले, तर तू ताडकन वळलीस. "नैवेद्याआधी? देवीला उष्टं दाखवायचं? पुन्हा बोलू नकोस."

मी बोलले नाही. केलं मात्र. पुढच्या वर्षापासून तू भीत भीत मीठ कमीच घालायला लागलीस. तू रेशमी साडी नेसून गौरींपुढे पानं मांडायला बाहेर जातेस, मी आमटीचा थेंब तळहातावर घेते, चाटते, चिमूटभर मीठ सोडते, ढवळते आणि काहीच न झाल्यासारखी केळीची पानं पुसत बसते. पंगतीत बाबा दुसऱ्यांदा आमटी मागतात. रात्री तू म्हणतेस, "देवीने हात परत दिला गं." मी मान डोलावते. पाच वर्षं हे असं चाललं. पाप वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मजाही यायची. कारखान्यात मला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. घरातला चमत्कार मात्र माझ्या चिमटीत होता.

मग ते वर्ष आलं. सुट्टी मिळाली नाही. अर्धा दिवस भरून निघाले, तर शहराच्या बॉर्डरवर गाड्याच गाड्या. घरी पोचले तेव्हा नैवेद्य दाखवून झाला होता, पंगतही उठली होती. आमटी अळणी झाली असणार आणि तुला ते कळलंही नसणार, या काळजीने माझा जीव अर्धा झाला होता. तू माझं पान वाढलंस आणि समोर बसलीस. खोलीभर पुरणाचा वास, तो तुला येत नाही. गौरींचे मुखवटे आपलं बोलणं ऐकत असल्यासारखे.

"हसू नकोस हं," तू म्हणालीस. "आमटी उकळताना बोलते. मीठ कमी असलं की नुसती बडबड करते. बरोबर पडलं की तिचा सूर खाली येतो. इतकी वर्षं कान देऊन ऐकत होते, आज नीट कळला. चाखून सांग."

"पण सगळे काय म्हणाले?"

"लोक काय, छानच म्हणतात. तू खरं सांगतेस. त्या वर्षी तूच एकटी बोललीस."

मी भुरका मारला. मग म्हणाले, "जरा अळणी आहे."

"अच्छा," तू म्हणालीस आणि मिठाचा डबा आणून माझ्या पानाशी ठेवलास.

त्यानंतर तू पातेल्याकडे कान दिलेला मी पाहिला नाही. पुढच्या वर्षी तू गौरींना हात जोडलेस, पुटपुटत माफी मागितलीस आणि नैवेद्याआधीच पळी माझ्या हातात दिलीस. "तूच चाख. देवी समजून घेईल." उरलेली तिन्ही वर्षं मी चाखत राहिले आणि तू बाजूला उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस.

तू असतीस तरी हे पत्र मी तुझ्या हातात दिलं नसतं, इतकी मी भित्री आहे. आमटी अळणी नव्हती, आई. मीठ अगदी बरोबर पडलं होतं. माझ्यावाचून तुला जमलं, एवढंच मला सोसलं नाही.