कोल्हा पुढे, व्याही मागे

२ ऑक्टोबर
आमच्या चिनात्सुच्या होणाऱ्या सासूसासऱ्यांची, म्हणजे रयोहेईच्या आईवडिलांची, पहिली भेट पंचवीसला. जेवण उमेदा स्टेशनखालच्या भुयारी बाजारातल्या हॉटेलात. लेक म्हणते, बाबा, त्यांना स्टेशनवरून आई आणेल. का? उभा जन्म ओसाकात गेला माझा! त्या भुयारात मी एकदाही हरवलेलो नाही. गेल्या वर्षी साहेबांच्या निरोपसमारंभाला पोचलो नाही, तो भुयाराचा दोष. ठरलं. मीच आणणार. पोरीला कळू दे, बाप काय चीज आहे.

५ ऑक्टोबर
अ‍ॅप घेतलं. फोन समोर धरायचा, कॅमेऱ्यात खरा रस्ता दिसतो, आणि त्यावर एक कोल्हा चालू लागतो. आपण फक्त मागे जायचं. शेपूट झकास आहे. सुमिए म्हणाली, अहो, वर एवढाल्या पाट्या लावल्यात, त्या वाचा की. बायकोला टेक्नॉलॉजी कळत नाही. पाट्या काय, कुणीही वाचतं.

६ ऑक्टोबर
घरात सराव. कोल्हा कपाटात शिरला. कपाळाला टेंगूळ. अ‍ॅप घरासाठी नाही, हे आधी ठळक लिहायला नको?

१८ ऑक्टोबर
उमेदात रंगीत तालीम. कोल्हा एका रांगेतून आरपार गेला. मी कसा जाणार? रांगेत घुसणं आपल्या रक्तात नाही. सभ्यपणे शेवटी उभा राहिलो. सरकत सरकत काउंटरशी पोचलो, तर बाई विचारते, किती देऊ? मागे एवढी माणसं ताटकळलेली, नको कसं म्हणायचं! मटण भरलेले गरम पाव घेऊन घरी. हॉटेल राहिलं. सुमिएला सांगितलं, पाव आणायलाच गेलो होतो. तालीम यशस्वी.

२४ ऑक्टोबर
चिनात्सुचा फोन. बाबा, रयोहेईचे वडील वेळेचे फार पक्के आहेत हो. आधीच लग्नाला मोठ्या मिनतवारीनं तयार झालेत. उद्या काही गोंधळ नको, प्लीज. म्हटलं, निर्धास्त राहा. संकल्प : कुणालाही रस्ता विचारायचा नाही.

२५ ऑक्टोबर, सकाळ
दाढी दोनदा केली. मायलेकींना आणि रयोहेईला थेट हॉटेलात पाठवलं. लुडबुड नको.

२५ ऑक्टोबर, संध्याकाळ
व्याही-विहीण, म्हणजे तोगाशी पतिपत्नी, तोयामाहून गाडीनं अगदी वेळेवर. वाकून नमस्कार झाले. कोल्हा निघाला, मागे मी, मागे व्याही. वाटेत पितळी बेडकाचा पुतळा. विहीणबाई म्हणाल्या, किती गोड बेडूक! थोड्या वेळानं पुन्हा बेडूक. त्या म्हणाल्या, अगबाई, इथेही! तिसऱ्यांदा व्याहीबुवा म्हणाले, ओसाकात बेडकांना फार मान दिसतो. मी म्हटलं, हो, जुनी प्रथा आहे. चौथ्या वेळी दोघं गप्प. रस्ता चुकला असता तर बोलले नसते का? अर्थात समाधानी होते.

मग कोल्ह्यानं टाळ्या वाजवल्या. पोचलात! समोर बूट दुरुस्तीचं दुकान. हॉटेल बरोबर आमच्या पायाखाली, एक मजला खाली. मेल्या कोल्ह्याला जिने कळत नाहीत. फोन तापून बंद. विहीणबाई तिथल्याच स्टुलावर टेकल्या, बूट चावत होते बिचारीला. शेवटी सुमिए शोधत आली. पाट्या वाचत आली म्हणे. असते एकेकाची आवड.

जेवण गार. व्याहीबुवांनी खाली वाकून सगळ्यांची माफी मागितली, आम्ही म्हातारी माणसं, हळू चालतो, आमच्यामुळे उशीर झाला. प्रामाणिक माणूस! मी मोठ्या मनानं माफ केलं. चिनात्सु मान खाली घालून बसली होती. डोळ्यांत पाणी. आनंदाचंच असणार.

१ नोव्हेंबर
लग्न पक्कं! व्याहीबुवांनी सुमिएला फोन करून कळवलं. मला का नाही केला, कोण जाणे.

दुपारी चिनात्सु आली. लग्नाच्या हॉलमध्ये बापानं मुलीचा हात धरून तिला दारापासून नवऱ्यापर्यंत न्यायचं असतं. म्हटलं, मी तयार आहे, नवा सूटही शिवतो. ती माझ्याजवळ बसली, माझा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, बाबा, मला आई नेईल.

म्हटलं, अगं, सरळ तर रस्ता आहे. एकही वळण नाही.

म्हणाली, हो बाबा. तरीपण.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण पहिल्या रांगेत माझी खुर्ची आहे. कुठली, ते सुमिए दाखवणार आहे.