नानांचा मंत्रचळ

नाना, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, आणि तुम्हाला एक विचारायचं अजून राहिलं आहे. कल्याणच्या दवाखान्याला कुलूप घालून तुम्ही बाजारपेठेच्या नाक्यापर्यंत यायचात आणि तिथून परत फिरायचात. कुलूप ओढून बघायचात, पुन्हा नाक्यापर्यंत, पुन्हा मागे. त्या परत फिरण्याच्या क्षणी तुमच्या मनात नेमकं काय यायचं? उघडं कुलूप डोळ्यांपुढे दिसायचं, की दिसायचं काहीच नाही आणि नुसतं कुणी मागून ओढल्यासारखं व्हायचं? परवा ठाण्याच्या तळ्याकाठून मी तीनदा शाळेचं कुलूप बघायला परत गेले, म्हणून विचारते. सोमवारी इन्स्पेक्टरसाहेब शाळा तपासायला येणार आहेत. हे सांगितलं म्हणजे बाकीचं तुम्हाला कळेलच.

माझा नवरा गेला आणि मी तुमच्याकडे परत आले, तेव्हा मी बावीस वर्षांची होते. तुम्ही पारशी डॉक्टरांकडे कंपाउंडर. दुपारी मी तुमचा फराळ घेऊन मागच्या दाराने यायचे आणि औषधांच्या खोलीत बसून राहायचे, कारण घरी बसलं की येणारी जाणारी माझ्याकडे बघून उसासे टाकायची. त्या वर्षी गावात पटकीची साथ होती. दुसरा कंपाउंडर आपल्या गावी निघून गेला होता आणि सगळा भार तुमच्या एकट्यावर होता. अफूचा अर्क आणि विषारी कुचल्याचा अर्क, दोन्ही तपकिरी, दोन्ही सारख्याच बाटल्यांत. तुम्ही डॉक्टरांची चिठ्ठी वाचायचात, औषध ओतायचात, बूच लावायचात, बाटली उजेडाला धरायचात, आणि मग बूच काढून वास घेऊन पुन्हा पहिल्यापासून. आई म्हणायची, मंत्रचळ लागलाय. तिने अंगारा आणला, तुमच्या दंडाला दोरा बांधला. तुम्ही बांधू दिलात, आणि तो नीट बांधलाय का हे दिवसभर चाचपत राहिलात.

खाडीकडच्या एका कोळणीची दुपार मला अजून दिसते. तिचा नवरा पहाटेपासून पटकीने पडला होता. ती उंबऱ्याशी उभी आहे, औषध तयार आहे, आणि तुम्ही बाटली पाचव्यांदा उजेडाला धरता आहात. "दे ना रं दादा," ती म्हणते, "त्यो थंड परलाय." तुम्ही मान हलवता आणि बूच काढता. मी उठले, तुमच्या हातातून बाटली घेतली, बूच लावलं आणि तिला देऊन टाकली. ती पळत गेली. तुम्ही माझ्यावर जन्मात पहिल्यांदा ओरडलात.

"आणि ती चुकीची असती तर?"

"पाच वेळा बघितलीत की, नाना."

तुम्ही स्टुलावर बसलात. आवाज एकदम उतरला. "बघितली गं. डोळ्यांना दिसतं. मनाला पटत नाही."

तिचा नवरा वाचला. चार दिवसांनी ती हे सांगायला आणि एक भोपळा द्यायला आली. मला वाटलं, आता तरी तुमची खात्री पटेल. तुम्ही तिला विचारलंत, "औषधाचा रंग कसा होता?"

डॉक्टरांनी सगळं पाहिलं होतं. पटकी ओसरल्याबरोबर त्यांनी तुम्हाला पंधरा दिवस घरी बसवलं आणि आपण टिटवाळ्याला मावशीकडे गेलो. तिथे मला मोठं नवल वाटलं. तुम्ही दाराला कडी घालायचात आणि मागे न बघता नदीवर जायचात. मावशीकडे ना मांत्रिक आला, ना दोरा बदलला. मग गेलं कुठे ते? मी लक्ष ठेवून राहिले. आठवे दिवशी डॉक्टरांचं पत्र आलं, दवाखान्यात गर्दी फार आहे, लवकर यावं. त्याच दुपारी विझलेली चूल तुम्ही तीनदा जाऊन बघितलीत. मी म्हटलं, "नाना, हे कुलपात नाही आणि बाटलीतही नाही. ओझं वाढलं की हे वाढतं." तुम्ही म्हणालात, "असेल. पण मग ओझं ठेवू कुठं?"

कल्याणला परत आल्यावर आपण निराळा उपाय काढला. तुम्ही मला इंग्रजी अक्षरं शिकवलीत, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरूनच. बाटलीवरची चिठ्ठी मी मोठ्याने वाचायची, 'बरोबर' म्हणायचं, आणि मग बूच लागलं की लागलं. पहिल्या आठवड्यात तुम्ही एकेका बाटलीला चारदा विचारायचात, "बरोबर ना?" मी चारदा उत्तर द्यायचे, आणि पाचवा प्रश्न यायचाच. तेव्हा मी ठरवलं की एकदाच बोलायचं. ते फार जड गेलं, नाना. तुमच्या कपाळावर घाम यायचा, हात बुचाकडे जायचा, आणि मी मुकाट्याने खलबत्ता पुसत बसायचे. पण भात शिजायला लागतो तेवढ्या वेळात ते आपोआप उतरायचं. कुणी काही न करता. हे मला तेव्हाही कोडं होतं आणि आजही आहे. परवा चौथ्यांदा परत फिरावंसं वाटलं तेव्हा मी तळ्याच्या पायरीवर बसून राहिले. छाती धडधडली, तळहात ओले झाले, आणि मग खरंच उतरलं. तुम्हालाही आतून असंच होत होतं का? मी तेव्हा विचारायला हवं होतं. मी नुसती बाहेरून बघत राहिले.

पुढे त्याच अक्षरांच्या बळावर मी ट्रेनिंगला गेले, मास्तरीण झाले. तुमचा चळ पुरता गेला नाही, पण तुम्ही नाक्यावरून एकदाच परत जायला लागलात, आणि कित्येक दिवस एकदाही नाही.

तो पहिला दिवस तुम्हाला आठवत असेल, ज्या दिवशी तुम्ही 'बरोबर ना?' असं विचारलंच नाहीत. कापडवाल्यांच्या आईचं खोकल्याचं औषध होतं. संध्याकाळी जेवताना तुम्ही आईला सांगितलंत, "आज पोरीने एकदा म्हटलं आणि मला पटलं." आईने तुम्हाला आणखी भात वाढला. नाना, त्या दुपारी रस्त्याने एक वरात चालली होती. नवरी माझ्याच वयाची, की मला तशी वाटली. मी तिच्याकडे बघत होते, आणि चिठ्ठी न वाचताच 'बरोबर' म्हणाले. त्या म्हातारीला उतार पडला, म्हणजे औषध बरोबरच असणार. तरी मी हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि आता सांगितलं ते अशा कागदावर, की जो टपालात टाकायला पत्ताच नाही.